कपाटातला आवाज

आंगुलेम, १४ नोव्हेंबर

प्रिय ओदिल,

तुझं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. तुझी कंबर कशी आहे आता? मी इकडे ठीक आहे, गुडघा सोडला तर. नदीला पाणी चढलंय, खालच्या रस्त्यावरच्या लोकांनी तळघरातलं सामान वर आणून ठेवलंय. शेजारणीनं पिशवीभर अक्रोड दिलेत, ते फोडत बसतो.

पाकिटावर तू ‘श्री. रेजिस वालाद’ असं लिहिलंस. सख्ख्या भावाला. आत मायना नाही, तीनच ओळी: नवरा जाऊन नऊ महिने झाले, मार्सियालचा आवाज घरात कुठेच नाही, फोनचे निरोप घेणाऱ्या यंत्रावरसुद्धा तुझाच आहे. सिनेमाच्या वेळी केलेलं त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे असेल ते पाठव, बाकी काही नको. सात वर्षांनी आलेलं तुझं पहिलं पत्र. त्याला उत्तर द्यायला मी आठवडा लावला.

रेकॉर्डिंगचं लिहितोच. आधी थोडं इकडचं.

परवा इथल्या चित्रशाळेनं मला बोलावलं होतं. कॉमिक्स काढणारा माणूस सिनेमाचा दिग्दर्शक कसा झाला, ते सांगा म्हणाले. मी नेहमीचं सांगितलं. बावीस वर्षं कागदावर चित्रं काढली, होडीवाला म्हातारा ओबां, त्याची एकोणीस पुस्तकं झाली, मग पॅरिसहून एक निर्माता आला आणि म्हणाला, या म्हाताऱ्याला आता पडद्यावर चालवू या. पोरं हसली. एका मुलीनं विचारलं, ओबां इतका अस्सल इथलाच कसा बोलतो? मी म्हटलं, आजूबाजूला कान उघडे ठेवायचे. टाळ्या पडल्या. एकोणीसच्या एकोणीस पुस्तकांतला शब्द न् शब्द मार्सियालनं लिहिला होता, पण त्याचं नाव काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

तुला ते कपाट आठवत असेल. तुमच्या झोपायच्या खोलीतलं, हिवाळी कोटांचं. आमच्या धंद्यात चित्रं हलवण्याआधी सगळे संवाद कच्चे बोलून घेतात, आणि त्या आवाजावर पात्रांचे ओठ काढतात, सेकंदाला बारा चित्रं. त्या वेळी आमच्याकडे धड स्टुडिओसुद्धा नव्हता. कोटांच्या मध्ये आवाज घुमत नाही, म्हणून मार्सियाल कपाटात शिरायचा आणि मी दाराशी माइक धरून बसायचो. स्वयंपाकघरातून तू ओरडायचीस, “सूप थंड करणारी जोडी कुठे मेली?” अकरा दिवस असं चाललं. माझ्या सगळ्या कारकिर्दीतले तेवढेच दिवस परत मागून घ्यावेसे वाटतात.

ओबां बोलायचा तो मार्सियालसारखाच. वाक्याआधी नाकातून एक श्वास, मग शब्द.

निर्मात्याला मात्र पडद्यासाठी नावाजलेला नट हवा होता. एका जेवणावर त्यानं हे काढलं आणि शेवटचं चीज टेबलावर यायच्या आत मी हो म्हणून बसलो. मार्सियालला सांगायचं राहिलं असं मी पुढे लोकांना सांगत आलो. राहिलं नव्हतं. तो दर रविवारी फोन करायचा, “काय छोट्या, माझा म्हातारा कसा बोलतोय?” आणि मी आठ महिने “झकास” म्हणत होतो.

पहिल्या खेळाला त्यानं अख्खं गाव आणलं. खाटीक, पोस्टातली बाई, पेतांकचे लोखंडी गोळे टाकणारी पूर्ण टोळी, दोन रांगा भरून. ओबांनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सगळ्यांनी मार्सियालकडे माना वळवल्या. तू दहा मिनिटांत उठून गेलीस. तो शेवटपर्यंत बसला. बाहेर आल्यावर चारचौघांत त्यानं माझा हात हातात घेतला. “चांगला बोलतो रे तो,” म्हणाला. “माझ्यापेक्षा दात चांगले असणार त्याचे.” लोक हसले. मीही हसलो, ओदिल. त्यानंतर त्यानं मला एकही गोष्ट लिहून दिली नाही.

त्याच्या घशाचं मला पाववाल्याकडून कळलं. स्वरयंत्र काढलं, तो आता पाटीवर लिहून बोलतो, असं. मी म्हटलं, दुसऱ्या सिनेमाचं काम आटपलं की जाईन. दोन वर्षं काम आटपलं नाही. ती पाटी मी कधी पाहिलीच नाही. अंत्यविधीला मी आलो होतो, खांबाआड उभा होतो. तू पाहिलंस हे मला माहीत आहे.

सकाळी इथवर लिहून उठलो होतो. तीन अक्रोड फोडले. आता लिहितो.

ओदिल, ते रेकॉर्डिंग नाही. हरवलं नाही, मी पुसायला लावलं. नटाचं काम झालं त्या दुपारी मी दोन्ही आवाज एकापाठोपाठ एक ऐकले. मार्सियाल कितीतरी चांगला होता. तो नट माझ्या म्हाताऱ्याचं सोंग आणत होता. कपाटातला माणूस स्वतःच तो म्हातारा होता. उद्या कुणी हे ऐकलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं वाटलं. तंत्रज्ञानं विचारलं, कच्चे आवाज ठेवायचे का? मी नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, “सगळेच पुसू?” मी म्हटलं, “सगळेच.”

याची माफी मागायची मला हिंमत नाही.

पण एक गोष्ट मी पुसू शकलो नाही, कारण तोवर ती चित्रात उतरली होती. ओठ. ते सगळे कपाटातल्या आवाजावरच काढलेले आहेत. नटाला मार्सियालच्या ओठांत आपले शब्द बसवावे लागले, नाकातल्या श्वासासकट. आणि एका ठिकाणी त्याला बसवायला शब्दच नव्हते. ओबां खिडकीशी येतो, काचेआडून काहीतरी बोलतो, ऐकू काहीच येत नाही. समीक्षकांनी त्या शांततेवर पानंच्या पानं लिहिली. मला त्यासाठी बक्षीस मिळालं. खरं एवढंच झालं होतं, की त्या दिवशी तू सुपासाठी तिसऱ्यांदा हाक मारलीस, आणि मार्सियालनं कपाटातून ओबांच्याच आवाजात तुला उत्तर दिलं. चित्रं काढणाऱ्या मुलीला तो संवादच वाटला. तिनं ते पूर्ण काढलं. माझ्या लक्षात आलं होतं, तरी मी ते राहू दिलं.

तू सिनेमा पूर्ण पाहिलेला नाहीस. सोबत डिस्क ठेवतोय. एक्केचाळिसाव्या मिनिटाला लाव आणि टीव्हीचा आवाज बंद कर. तो म्हणतो, “आलो, ओदिल, आलो. झाकण ठेव त्यावर.” ओठ नीट गोल होतात, तिथे तुझं नाव आहे.

सूप थंड करणाऱ्या जोडीतला उरलेला,
छोट्या