ऋचाचा कुत्रा, माझा शिरा

२ मार्च, रवि.
निनाद आला. दोन सुटकेसी, लॅपटॉप आणि बायकोचा कुत्रा. "आई, थोडे दिवस." तीन वर्षांचा संसार मोडून गोरेगावहून थेट मुलुंडला, माझ्या दोन खोल्यांत. कुत्रा का? तर ऋचा दीड महिना बंगलोरला, ऑफिसचं ट्रेनिंग. नवरा नको, पण त्याने कुत्रा सांभाळावा. वा!
जॅक रसेल टेरियर म्हणे. मांजरापेक्षा जेमतेम मोठा, पांढरा, एका डोळ्यावर तपकिरी डाग. नाव ऑस्कर. आमच्याकडे ऑसक्या.
ऋ.ने टाइप करून कागद पाठवलाय, 'ऑस्करची काळजी'. नि.ने फ्रिजवर लावला. पहिली ओळ : मागून उचलू नका, दचकतो आणि चावतो. दुसरी : रोज तासभर चालवा, नाहीतर घर उकरून काढेल. पुढे वाचलं नाही. या बाईने मला कधी वरणभात करून वाढला नाही, आता कुत्र्याचं जेवण शिकवणार.

५ मार्च, बुध.
तुळशीची कुंडी उकरली. माती हॉलभर. ओरडले तर समोर बसून माझ्यावरच भुंकला. उलट उत्तरं कुणाकडून शिकलाय ते कळलं.
कागद फ्रिजवरून काढला. मागची बाजू कोरी आहे, सामानाच्या यादीला होईल.

११ मार्च, मंगळ.
नि. सकाळी जातो तो रात्री येतो. फिरवणं माझ्या गळ्यात. गुडघे बोंबलतायत.
लिफ्ट आली की भुंकतो. कुकरची शिट्टी झाली की भुंकतो. खालच्या शिर्केबाई वर आल्या. "अहो, जरा गप्प करा ना त्याला." मी म्हटलं, "आधी तुमच्या नातवाचा कॅसिओ गप्प करा, मग बघू." तोंडावर दार लावलं.
असं का बोलले? कुत्रा काय माझा आहे?

२१ मार्च, शुक्र.
ओट्याखालचा उंदीर गेला. महिनाभर पिंजऱ्याला दाद देत नव्हता मेला. ऑसक्या सकाळपासून ओट्यासमोर बसून. तीन तास. खाणं नाही, पाणी नाही, भुंकणं तर नाहीच. मग एक झेप, एक झटका, संपलं. उंदीर माझ्या पायाशी आणून ठेवला. ई!
याच्या निम्मी चिकाटी त्या दोघांत असती तर...
दोन मांदेल्या दिल्या, काटे काढून.

७ एप्रिल, सोम.
ऋ.चा फोन, थेट मला. "काकू, मी एकोणीसला, शनिवारी ऑस्करला न्यायला येते."
काकू! तीन वर्षं आई म्हणत होती. "ने बाई, सुटेन मी," म्हटलं आणि फोन ठेवला. नि. म्हणतो कुत्रा तिच्याच नावावर आहे, वकिलाने सांगितलंय वाद घालू नका. मी कुठे घालतेय?
संध्याकाळी त्याला तलावापर्यंत नेलं. दीड तास. रात्री गुडघ्यांना शेक.

१२ एप्रिल, शनि. पौर्णिमा
सत्यनारायण घातला. नि.चं डोकं ठिकाणावर यावं म्हणून. ऋ.चं येईल ही आशा नाही. शिरा झकास झाला, बेदाणे सढळ हाताने घातले.
ऑसक्या पूजाभर दारात बसून. आरतीलासुद्धा भुंकला नाही. गुरुजी म्हणाले, "शहाणा आहे हो." प्रसादाला कुणी नाही म्हणायचं नसतं, आणि कुणाला वगळायचंही नसतं. त्यालाही वाटीभर दिला. वाटी चाटून पुसून लख्ख. पुढच्या शनिवारी जाणार.

१३ एप्रिल, रवि.
दोनदा ओकला. ऊन लागलं असेल. ताक ठेवलं, तोंड लावलं नाही. शिर्केबाई जिन्यात म्हणाल्या, "आज आवाज नाही?" यांना काय करायचंय.

१४ एप्रिल, सोम.
लघवी नाही. लिफ्ट आली, नुसता कान हलला. रिक्षाने दवाखान्यात.
डॉक्टरीणबाई पोरगेलीच. "काय खाल्लं त्याने?"
"काही नाही. देवाचा प्रसाद."
"कसला?"
"शिरा."
"त्यात बेदाणे होते?"
"भरपूर."
तिने पेन खाली ठेवलं. द्राक्षं, बेदाणे कुत्र्यांना विष. मूत्रपिंडं निकामी होतात. सलाइन लावलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

१५ एप्रिल, मंगळ.
कागद सापडला, तांदळाच्या डब्याखाली. वर माझं अक्षर : रवा एक किलो, साजूक तूप, केळी, बेदाणे पाव किलो. उलटला. सातवी ओळ, ठळक : द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नाही. जीव जाऊ शकतो.
यादी लिहिताना ही ओळ माझ्या हाताखाली होती. तिचा राग, आणि भोगतोय कोण.

१६ एप्रिल, बुध.
पुन्हा सलाइन. नि.ला कागद दाखवला. "आई, ऋचाला यातलं काही बोलायचं नाही हां. कोर्टात माझी वाट लावेल ती. खाली रस्त्यावर काहीतरी खाल्लं, बस." मी कागद घडी करून ठेवला.
दुपारी थोडी लघवी झाली. माझ्या चादरीवर. चादर धुताना रडले.

१८ एप्रिल, शुक्र.
मऊ भात, दोन घास. डॉ. म्हणतात, सोमवारी रक्त पुन्हा तपासू, मग कळेल. तोवर दुसरीकडे कुठे हलवायचा नाही.

१९ एप्रिल, शनि.
ऋ. दहाला आली. मला नमस्कार नाही. नि.ने सुरू केलं, "अगं, खाली रस्त्यावर त्याने काहीतरी..."
"शिरा घातला मी," मी म्हटलं. "बेदाण्यांचा." आणि कागद तिच्या हातात दिला. तिने दोन्ही बाजू वाचल्या.
"पूर्ण वाचलाच नव्हता तुम्ही."
"नाही."
"का?"
"तू लिहिला होतास म्हणून."
नि. डोक्याला हात लावून उभा. ऋ. म्हणाली, "माझ्याशी भांडायचं होतं ना? मग माझ्याशी भांडायचं. त्याला काय कळतं?" मग तिने तिरीमिरीत त्याला उचलला, मागून. एवढा आजारी, तरी गुरगुरला, दात दाखवले.
"पहिलीच ओळ गं तुझी," मी म्हटलं. बोलायला नको होतं. ती फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली. पाणी दिलं, पण लगेच नाही.
हलवायचा नाही म्हटल्यावर म्हणते, "मग मी थांबते इथे सोमवारपर्यंत." नि. बॅग घेऊन मित्राकडे गेला. वरणभात वाढला. तिने खाल्ला. संध्याकाळी ऑसक्या दाराकडे बघून कुं कुं करायला लागला तर दोघी एकदम उठलो. पट्टा माझ्या हातात होता. तिने मागितला नाही, मी दिला नाही, तिघं लिफ्टने खाली गेलो.
आता ती सोफ्यावर, मी खुर्चीत, तो मधे, भिंतीकडे तोंड करून.
सोमवारी रिपोर्ट. चांगला आला तर ती त्याला घेऊन जाणार, आणि मला पुन्हा दाखवणारसुद्धा नाही.
चांगलाच यायला हवा.