ह्यांचं पथ्यपाणी

२ डिसेंबर, मंगळवार

ह्यांचा ताप उतरला आणि माझा पारा चढला! न्यूमोनिया आटोक्यात आहे, डॉक्टर म्हणाले. आता औषधापेक्षा खाणं महत्त्वाचं — अंडी, दही, डाळ, थोडं थोडं पण सारखं. नाहीतर ताकद भरून यायची नाही. आणि ह्यांना तर कंपनीत दिवसभर मशिनवर उभं राहायचंय. रजा संपत आली.

देवळ्याहून सासूबाई आल्यात. 'दही? छातीत कफ साचंल! मुगाचं पाणी दे नुसतं.' केळं नको, ताक नको, अंडं तर मार्गशीर्षात घरात आणायचंच नाही. मग उरलं काय? हवा?

४ डिसेंबर, गुरुवार

माझा उपास. ताप आधी मलाच आला होता, खोकला अजून आहे. सासूबाईंना म्हटलं, यंदा सोडू का? 'घरात दुखणं असताना लक्ष्मीचा गुरुवार मोडती का कुणी?' नाही मोडला.

अंडी शेवटी खालच्या मजल्यावरच्या उज्ज्वलाताईंकडे उकडली आणि ओढणीखाली लपवून आणली. चोरासारखी! हे म्हणतात — वास येतो.

८ डिसेंबर, सोमवार

पनीर — रबर. डाळ — पुन्हा डाळच? खजूर — दाताला चिकटतो. तोंडाला चव नाही म्हणे! लहान मूल परवडलं, त्याला एक धपाटा तरी घालता येतो. ताट तसंच परत येतं. टाकवत नाही, म्हणून ओट्याशी उभी राहून दोन घास मी तोंडात टाकते, तेवढ्यात पुढच्या खाण्याची वेळ.

१० डिसेंबर, बुधवार

दोन पोळ्या आणि वाटीभर दही खाल्लं ह्यांनी! सासूबाईंचा डोळा लागला होता तेवढ्यात. मला मेलीला रडूच आलं.

११ डिसेंबर, गुरुवार

उपास. जिन्यात मधेच बसावं लागलं.

१५ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात पडून लिहितेय. ह्यांचा आज कामाचा पहिला दिवस, पण मी सकाळी डबा भरताना खाली कोसळले. हेच रिक्षातून घेऊन आले, सासूबाईही सोबत.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, 'या पोटभर कधी जेवल्या शेवटच्या?'

'जेवते की रोज,' हे म्हणाले.

'तुम्ही पाहिलंत?'

ह्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, 'आमचं झाल्यावर बसती ती.'

डॉक्टर माझ्याकडे वळले. मलाही आठवेना.