बंदरावरच्या म्हाताऱ्याचा आवाज

पोर्ट चाल्मर्स, रविवार

प्रिय फर्गस,

फोनवर तू हूं-हूं करून वेळ मारून नेतोस, म्हणून हे पत्र. कागदावरच्या बहिणीला मध्येच तोडता येत नाही.

तुमच्या कंपनीचा कॉम्प्युटर गेम आला आणि मला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सगळ्यांनी किती हौसेनं घेतला होता! आपल्या बंदराचा गेम, आपल्या फर्गसनं केलेला. आणि आत काय, तर बोट धक्क्यातून आरपार जाते, मासे हवेत पोहतात, डोंगराला वळसा घातला तर मागे डोंगरच नाही. मासे तळणारा लिंडसे रांगेदेखत म्हणाला, "काय गं नायरी, तुझ्या भावानं कच्चाच मासा बांधून दिला की आम्हाला! वर म्हणतो, तळून नंतर देतो." मी हसले, पण राग आला, आणि तुझाच जास्त आला. आईला तू सांगितलंस, "वेळच पुरला नाही गं, मालकांना तारीख गाठायची होती." मी निम्मा विश्वास ठेवला.

पण परवा गेममधला तो बंदरावरचा म्हातारा भेटला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. लोक त्याच्यावरच सर्वांत जास्त वैतागलेत. पुढचं काम सांगायचं सोडून तो एकच वाक्य घोळवत बसतो, "ये पोरा, दोर धर. समुद्र कुठे पळून जात नाही." आवाज घोगरा, मध्येच खोकला, मागे खुर्ची करकरते. बाकी सगळ्यांना नटांचे आवाज आहेत. नट मिळेपर्यंत तुम्ही घरातल्याच कुणाचा तरी कच्चा आवाज भरता आणि नंतर पुसता, हे तूच मला सांगितलं होतंस. मग हाच कसा राहिला? आणि त्याच्या जॅकेटच्या कोपराला, आईनं बाबांच्या जॅकेटला लावलं होतं तेच ठिगळ आहे, टाक्यांसकट. डोंगराला पाठ द्यायला वेळ नव्हता, टाके घालायला होता? कुठेतरी पाणी मुरतंय, फर्गस.

बाबा वेलिंग्टनला तुझ्याकडे राहून आले, तेव्हा म्हणाले होते, "पोरानं मला खुर्चीत बसवून दोर ओढायला लावला." मला तेव्हा काही उमगलं नाही. ते गेले त्याला आता एक हिवाळा उलटला. त्यांचा आवाज जपून ठेवावा हे आपल्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

आईला गेममधलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त तिला त्या धक्क्यावर नेऊन उभं केलं. आता रोज दुपारी चहा घेऊन ती त्याच्यासमोर बसते, पुढे जायचं बटण दाबतच नाही. तो खोकला की म्हणते, "औषध घेतलंस का रे?" मला बघवत नाही आणि उठवतही नाही.

काल तुमच्या कंपनीची सूचना आली. गुरुवारी दुरुस्ती येणार, म्हाताऱ्याला चांगल्या नटाचा आवाज मिळणार. ती आपोआप उतरू नये म्हणून आईच्या इंटरनेटची वायर मी काढून ठेवलीय, लाइन बिघडली म्हणून सांगितलंय, पण ही थाप किती दिवस टिकणार? तो आवाज तू मुद्दामच ठेवलास असा माझा संशय आहे, आणि तो खरा निघावा म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय. बोट दुरुस्त कर, डोंगराला पाठ दे, लिंडसेचं तोंड बंद कर. बाबांना तेवढं अर्धवट राहू दे.

तुझीच संशयी बहीण,
नायरी