मधली भिंत सामाईक लिहिण्याबाबत

वार : सोमवार

प्रति,
मा. भूमापन अधिकारी,
भूमापन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दोन घरांमधील भिंत 'सामाईक' म्हणून नोंदवण्याबाबत.
संदर्भ : बेवारस बांधकाम पाडण्याविषयी आपली नोटीस.

महोदय,

मी निवृत्त परिचारिका असून सदर भिंतीच्या अलीकडे राहते. पलीकडे शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. विटा त्यांच्या यजमानांनी रचल्या, गिलावा माझ्या यजमानांनी केला. तेव्हापासून भिंतीचा विषय निघाला की "तुमचीच" म्हणायचे, अशी आमच्यात रीत पडली. दोघे पुरुष गेले, रीत राहिली.

१. आपल्या मोजणीदारांनी भिंत कोणाची, असे विचारले. मी "ताईंची" म्हणाले. पलीकडे ताईंनी "सिस्टरबाईंची" सांगितले. मोजणीदारांनी दोन्ही उत्तरे इमानाने लिहून घेतली आणि भिंत बेवारस ठरली. दोन्ही घरांची छपरे तिच्यावरच टेकलेली आहेत, हे नम्रपणे कळवते.

२. नोटीस वाचून आम्ही धावतच कार्यालयात आलो आणि घाबरून दोघींनीही "माझी" म्हटले. आता भिंत वादग्रस्त आहे, ताई कागदोपत्री माझ्या सामनेवाल्या आहेत, आणि मला त्यांच्याविरुद्ध साक्षीदार आणायचा आहे. भिंत बांधताना पाहिलेल्या आता ताईच तेवढ्या उरल्या आहेत. त्यांची साक्षीदार मी.

३. 'सामाईक' लिहा, अशी आपल्या लिपिकांना विनंती केली. ते म्हणाले, "आजी, रकान्यात तीनच शब्द चालतात. लगत, अलग, वादग्रस्त." लगत म्हणावे तर टेकलेल्या दोन भिंती लागतात, आमची एकच आहे. अलग म्हणावे तर मध्ये फट हवी. ताई शिंकल्या की मी इकडून "वाफ घ्या" म्हणते. वाद आहे, पण तो ताईंच्या रेडिओच्या आवाजाबद्दल.

तरी चौथा शब्द आपण स्वतःच्या हाताने लिहावा. नियमात बसत नसल्यास भिंत ताईंच्या नावे करावी. हे वाक्य खोडा म्हणून ताई शेजारीच हटून बसल्या आहेत. मी खोडलेले नाही.

आणखी एक. सुनावणीसाठी आम्हाला वेगवेगळ्या दिवशी बोलावले आहे. कृपया एकच दिवस द्यावा. ताईंच्या गुडघ्यांना आपला जिना झेपत नाही, मला लांबच्या पाट्या दिसत नाहीत. आम्ही एकमेकींना धरूनच वर येतो.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, भिंतीच्या अलीकडची

सोबत : नोटिशीची प्रत.

वरील मजकूर वाचला. भिंत माझ्या नावे करण्याचे सोडून बाकी सर्व मान्य.
(सही)
सामनेवाली, पलीकडची