मागे बसणारी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी तुला बोलू देत नाही ही तुझी तक्रार ह्यांना वाचून दाखवली, तर हे इतके हसले की हातातला चहा सांडला. तालमींना सुट्टी आहे, भेटही होणार नाही, तेव्हा आता लिहितेच. कंटाळा आला की वाचायचं थांबव, मला कळणारही नाही.

सभागृहाचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. तुझ्या हार्प्सिकॉर्डवरची ताडपत्री काढली, ह्यांनी त्याचे पाय पुसले आणि ते खिडकीपासून लांब, तू सांगितलंस तिथेच ठेवलं. परवा मित्रमंडळाच्या नव्या सभासदांना वृंदाची ओळख करून दिली. अध्यक्षा झाल्यापासून ते भाषण मला झोपेतही येतं: बरोक म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, आपला वृंद ते त्या काळच्या वाद्यांवर वाजवतो, आणि पियानोसारखं दिसतं ते पियानो नव्हे, त्यात तारांवर हातोड्या पडत नाहीत, तारा छेडल्या जातात. एका गृहस्थांनी विचारलं, की मग त्या वाद्याशी मागे बसलेली बाई नेमकं काय करते, कारण ती थांबली तरी काही फरक पडेलसं वाटत नाही. मी हसून म्हटलं, की पाया काढून घेतला की घराला कळतं. पण ताई, मला ते लागलं. तुम्ही सगळे वाजवता, आम्ही खुर्च्या मांडतो, वादकांना घरी उतरवून घेतो, खोकणाऱ्यांना गोळ्या वाटतो, हे ठीकच. पण पंचवीस वर्षांनी माझ्याच बहिणीबद्दल असं विचारावं?

म्हणून आता बातमी ऐक. आधी खाली बस. ऑक्टोबरात वृंदाचा रौप्यमहोत्सव. मंडळाने ठरवलं, म्हणजे मी ठरवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, की त्या संध्याकाळी ती रचना घ्यायची, जिच्यात सगळे व्हायोलिनवाले गज खाली ठेवतात, चेलोवाला लंबूसुद्धा गप्प होतो, आणि हार्प्सिकॉर्ड एकटंच वाजत राहतं, पानंच्या पानं. पंतोजी आधी कुरकुरले. सगळा वृंद ज्यांच्या गजाकडे बघून वाजवतो, त्यांना तो खाली ठेवून बसायचं म्हणजे जिवावर येणारच. पण तालमींना आले की ते माझ्या घरी उतरतात, माझा पाव खातात, तेव्हा ऐकतात. ठरलं. तुझं वाद्य पुढे, मधोमध.

कौतुक करून घ्यायला शीक आता. लोभ आहे तसाच असू दे, यावेळी जरा दाखवही.

तुझी,
धाकली


१२ जून

चि. धाकलीस,
अनेक उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढं सगळं माझ्यासाठी केलंस, त्याबद्दल काय लिहू? खूप बरं वाटलं, एवढंच आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून रुसू नकोस.

ती रचना बदल. त्या गृहस्थांचं काही चुकलं नाही. मी थांबले तर कुणाला कळू नये अशीच माझी जागा आहे. खालचे सूर धरून बसायचं, वरच्यांना पडू द्यायचं नाही, आणि ते पडले नाहीत याचं श्रेय त्यांनाच घेऊ द्यायचं. वाद्य पुढे आणून मला मधोमध बसवलंस तर मी लग्नात चुकून नवरीच्या पाटावर बसलेल्या पाहुणीसारखी दिसेन. लंबूसाठी चेलोचं काहीतरी घ्या. तो बिचारा तुमच्या मंडळाच्या प्रत्येक सभेत सतरंज्या उचलतो, त्याला एकदा टाळ्या मिळू देत.

इथे सगळं ठीक. शिकवण्या कमी केल्यात. शेजारच्या बाईंनी खिडकीत झाडं लावलीत, त्यांचं पाणी माझ्या पायरीवर येतं, एवढीच भांडणं.

माझं ऐक. लहान आहेस, लहानांनी एखाद्या वेळी ऐकलं तर लोभ वाढतोच.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुळीच बदलणार नाही. जाहिराती छापून आल्या आणि चौकापासून ग्रंथालयापर्यंत लागल्याही. तुझ्या नावाची अक्षरं पंतोजींच्या अक्षरांएवढी आहेत. ती मी छापखान्यात उभी राहून मोजून घेतली.

तुझा हा विनय मला आता पुरे झाला. लहानपणी गुरुजींनी पुढे ये म्हटलं की तू माझ्या मागे लपायचीस आणि वाजवायचीस मात्र तू. मला सूर धरता येत नाही म्हणून मी तुझी पानं उलटायला लागले. तेव्हापासून मी तुझ्या उजव्या बाजूलाच उभी आहे. मंडळ काढलं तेही त्यासाठीच. मला काही वाजवता आलं नाही, ताई, पण तुला पुढे आणणं तरी येऊ दे.

बाकी तुझं अक्षर काय हे? कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं. हिवाळ्यातल्या तालमीला थंडीने बोटं आखडली म्हणून कोटाची बटणं मला लावायला लावलीस, ती थंडी अजून गेली नाही वाटतं. म्हातारी झालीस, कबूल कर. हेही तुला चिडवून विचारताहेत, की सही घ्यायला रांग कुठून लावायची.

रागावलीस तरी चालेल, फक्त लोभ रागात बुडवू नकोस.

तुझी,
धाकली


२ जुलै

चि. धाकलीस,
अनेक उ. आशीर्वाद.

तू ऐकत नाहीस म्हणून लिहिते. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कामातून गेली आहेत. दुखत नाहीत. दुखली असती तर बरं, निदान आहेत असं वाटलं असतं. कोपरापाशी शीर दाबली गेली आणि मी डॉक्टरांकडे उशिरा गेले. शस्त्रक्रिया केली तरी आता फारशी आशा नाही म्हणतात. याला दीड वर्ष झालं. तुझी ती बटणं आणि कोंबडी, सगळं त्यातलंच.

मग वाजवते कशी, म्हणशील. माझ्यापुढच्या कागदावर डाव्या हाताची एकच ओळ असते आणि तिच्यावर आकडे, वर कोणते सूर जुळतील ते सांगणारे. उजव्या हाताने वर काय भरायचं ते माझं मी ठरवते. या जागेची तेवढी एक मोकळीक आहे. तर मी कमी भरायला लागले. चार सुरांच्या जागी तीन, मग दोन. अंगठा आणि त्याशेजारची बोटं, एवढ्यावर संसार चालवला. एकदा पंतोजींनी तालीम मधेच थांबवली तेव्हा मला वाटलं, सापडले. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की ताईंकडे बघा, माणूस पिकला की मोजकं बोलतो, तसं त्या वाजवतात. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, जरा हसूही आलं.

पण त्या रचनेत आकडे नाहीत. प्रत्येक सूर लिहिलेला आहे आणि त्याला सगळी बोटं लागतात. तिथे लपायला जागा नाही.

बासरीवाल्या काकांचं काय झालं ते तू पाहिलंस. त्यांच्या ओठांतून हवा निसटायला लागली, तर कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. पंतोजींनी त्यांना फुलं दिली, मिठी मारली आणि पुढच्या तालमीचा दिवस कळवला नाही. मला फुलं नकोत. अजून काही वर्षं मागे बसून काढता आली तर मी कुणाकडे काही मागणार नाही. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. आठवड्याची ती एक तालीम आहे, म्हणून बाकीचे दिवस ढकलले जातात.

तुला आधी का सांगितलं नाही, तर तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. आता सांगितलंय, तेव्हा हा तेवढा भिजव. रचना बदलून घे. कारण काहीही दे, बहीण हेकट आहे म्हण, लोकांना ते लगेच पटेल. पंतोजींच्या कानावर मात्र जाऊ देऊ नकोस. हे तुझ्यामाझ्यात.

आजवर लोभ मागितला नव्हता, गृहीत धरला होता. आज मागते.

तुझी,
ताई


९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा पंतोजी, महोत्सवाचं ठरवायला आले होते ते, न्याहारीला बसले होते. मी उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच रडू फुटलं. त्यांनी विचारलं काय झालं. मी दोनदा काही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं.

शिव्या दे. पण ते फार चांगलं वागले, ताई. पावाला लोणी लावता लावता थांबले, म्हणाले की एकटीने किती सोसलं असेल. मग पुन्हा लोणी लावायला लागले, आणि लावता लावताच विचारलं, की गेल्या वर्षी स्पर्धा जिंकलेली ती मुलगी ऑक्टोबरात मोकळी असेल का. फक्त त्या रचनेपुरती. बाकी सगळं तूच वाजवायचं, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय.

रचना बदलणं माझ्या हातात नव्हतं. मीच हट्ट करून ती घ्यायला लावली, मीच भिंतींवर चिकटवली. आता कारण न सांगता मागे घेतली असती तर मंडळात मला कोण विचारणार होतं? आणि दीड वर्ष, ताई. तुझ्या कोटाची बटणं लावताना मी तुझा हात हातात धरला होता, तेव्हाही तू थंडी म्हणालीस. परक्यांना फसवलंस ते मी समजू शकते.

अजून एक लिहिते, मग हवं तर बोलू नकोस. लोक ऐकायला येतात. तू त्यांना दीड वर्ष पातळ करून वाढलंस, आणि मी पंगतीत आग्रह करत फिरत होते.

चुकले असेन तर लोभातून वजा कर, पण सगळा संपवू नकोस.

तुझी,
धाकली


१७ जुलै

चि. धाकलीस,
आशीर्वाद.

पंतोजींचं पत्र तुझ्या पत्राच्या आधी पोचलं. सुंदर अक्षर आहे त्यांचं. लिहितात की एकाच कार्यक्रमात वादक बदलला तर श्रोत्यांचं लक्ष मोडतं, तेव्हा त्या संध्याकाळी सगळंच ती मुलगी वाजवेल आणि मी निश्चिंत मनाने विश्रांती घ्यावी. ऑक्टोबरनंतरच्या तालमींबद्दल काही नाही. फुलांबद्दलही काही नाही, ती बहुधा मंडळाकडे असतात.

वाद्य सुरात लावायला मी येईन. किल्ली डाव्या हाताने फिरवता येते, आणि त्या तारांना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला अजून बघवणार नाही. त्यानंतर मी कुठे बसायचं ते माझं मी बघेन.

पातळ वाढल्याचं म्हणतेस. ज्याच्या घरात जेवढं असतं तेवढं तो वाढतो, धाकले. माझ्याकडे दोन सूर उरले होते. ते मी दोन्ही वाढले, मागे काही ठेवलं नाही.

लोभाचं पुढे पाहू.

ताई


१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. परवा सुरात लावून झाल्यावर तू माझ्याशेजारून किल्ली हातात घेऊन निघून गेलीस, जशी मी खुर्ची आहे. म्हणून लिहिते.

सभागृह भरलं होतं. त्या मुलीने चांगलं वाजवलं, तुझ्यापासून लपवून काय करू. तिचं ते एकटीचं वाजवणं संपलं तेव्हा लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर मी माझा कोट ठेवला, म्हणजे ती रिकामी दिसू नये. हे म्हणतात, की तू मागे दारापाशी उभी होतीस आणि टाळ्या सुरू झाल्यावर गेलीस. टाळ्या वाजवल्यास का, ते त्यांना दिसलं नाही.

लंबू कार्यक्रमानंतर जेवायला थांबला नाही. चेलो पेटीत ठेवता ठेवता मला म्हणाला, की त्या मुलीबरोबर वाजवताना कुणीतरी सारखं कानाशी बोलतंय असं वाटतं, ताई असल्या की त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा, मग त्या दोनच सूर का वाजवेनात. पंतोजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मीही केलं.

आता ठराव कळवायचं काम माझ्याकडे आलंय. मंडळाने तुला आजीव सन्माननीय सभासद केलंय, पहिल्या रांगेत कायमची खुर्ची. आणि पंतोजींची विनंती आहे, की तुझं हार्प्सिकॉर्ड सभागृहातच राहू द्यावं, मुलीचा त्यावर हात बसलाय. हे तुम्हीच विचारा असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले बहिणीने विचारलेलं बरं दिसतं. मी काय करू, ताई? दोन्हीकडची आहे मी, आणि दोन्हीकडून माझ्याकडे पाठ आहे.

भांड, काय वाटेल ते बोल, पण लिही. लोभ नसला तरी चार ओळी असाव्यात.

तुझी,
धाकली


२६ ऑक्टोबर

मा. अध्यक्षा, मित्रमंडळ,
यांस स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आजीव सभासदत्वाबद्दल मंडळाची आभारी आहे. ते मला स्वीकारता येणार नाही. इतकी वर्षे मी वादकांच्या पाठी पाहत आले. समोरून पाहण्याची सवय या वयात लागायची नाही.

हार्प्सिकॉर्ड सभागृहातच राहू द्यावे. वाद्य वाजते राहिले नाही तर बिघडते, आणि माझ्याकडे ते झाकलेलेच राहील. हिवाळ्यात सभागृह तापवाल तेव्हा त्याच्याजवळ पाण्याचे भांडे ठेवावे, नाहीतर लाकूड चिरते. खालच्या बाजूचा एक सूर ओढाळ आहे, रोज थोडा उतरतो. त्या मुलीने त्याच्यावर रागावू नये, दोनदा लावला की राहतो. सुरात लावण्याची किल्ली सोबत पाठवत आहे. ती तिला द्यावी. यापुढे मी येणार नाही.

एक वेगळे काम आहे. आपल्याच पत्त्यावर माझी धाकटी बहीण राहते. मी तिला एक गोष्ट विश्वासाने सांगितली होती. ती आपल्या हाती पडली, यात आपला दोष नाही, अध्यक्षांनी मंडळाचे हित पाहायचे असते. बहीण भेटली तर तिला एवढे सांगावे, की तुझ्यावर राग नाही असे लिहायला मी बरेचदा बसले. ते लिहिणे जमले नाही, आणि त्याला बोटे कारण नाहीत.

कळावे.

आपली,
हार्प्सिकॉर्डची मालकीण