हौद्याची लाल मोटार पुष्पाच्या नावे

मी, उकंडराव रामजी सोनोने, धंदा शेती, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, हा कागद स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शेजारी शेषराव यांचे मत वेगळे आहे, पण ते कोणी विचारलेले नाही. मला आजार नाही आणि मरायची घाई तर मुळीच नाही. उद्या दसरा. उद्या माझी मोटार पहिल्यांदा मलकापूरला जाणार आणि मी तिच्यात बसणार. पत्नी झुंबरबाई म्हणाली, "पयले कागद करा, मंग गाडीत बसा." म्हणून हे मृत्युपत्र. आनंदाने अक्षर वाकडे येते आहे. ते पाहून कोणी मला भित्रा म्हणू नये.

१. वडिलोपार्जित शेताची वाटणी मागेच झाली. मुलगा भगवानराव याचा हिस्सा त्याच्या नावे आहे, त्यात बदल नाही. राहते घर झुंबरबाई हयात असेतो तिचे, नंतर भगवानचे. पोस्टातली शिल्लक झुंबरबाईची. ती तिने माझ्या तेरवीवर उधळू नये. साधे वरण-बट्टी करावे, मात्र वांग्याची भाजी झणझणीत पाहिजे.

२. आता मोटार. खरे तर हेच कलम पहिले लिहायचे होते. मागे उघडा हौदा असलेली ही छोटी मोटार मलकापूरला एका जिनिंग कारखान्याच्या मागे पडून होती. हौद्यात निंबाचे रोप उगवले होते. पाहताक्षणी मी तिच्यावर भाळलो. बैल जुंपून तिला गावात ओढत आणले, तेव्हा वेशीवर शेषराव म्हणाले, "काऊन उकंडराव, बैलायनंच वढाची तं बैलबंडी काय वाईट होती?" सारे गाव हसले. मीही हसलो, पण मनात म्हटले, थांबा जरा.

३. ती मोटार माझी मुलगी पुष्पा हिने उभी केली. जावई वारल्यावर ती उंद्रीहून माहेरी आली, तेव्हापासून कोणाशी धड बोलत नव्हती. सहदेव मिस्त्री इंजिन खोलायला आले आणि पाना धरायला म्हणून ती जवळ गेली, ती तिथलीच झाली. इंजिन घासले, हौद्याला सागाच्या फळ्या बसवल्या, घरच्या कापसाची गादी केली, लाल रंग दिला. हात काळे करून पोरगी हसत घरात येऊ लागली. इंजिन पहिल्यांदा धडधडले तेव्हा मी अंगणात नाचलो. बुलढाण्याला आम्ही दोघांनी परीक्षा दिली. लायसन तिला मिळाले. माझ्याविषयी साहेब काय म्हणाले, ते या कागदात येण्याची गरज नाही.

४. पोळ्याच्या दिवशी जे घडले ते लिहितो, कारण भगवानचा आक्षेप त्यावरच आहे. आदल्या संध्याकाळी झुंबरबाईने बैलांचे खांदे शेकले, तूप-हळद लावली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटले. मग तिला वाटले, घरात नवे जनावर आले आहे, त्याला का वगळावे? ब्रेक दुरुस्त करायला मोटारीची चाके काढलेली होती. आत ब्रेकचे जे भाग दिसले तेच तिला खांदे वाटले. तिने त्यांना मनापासून तूप चोळले. सकाळी आम्ही आत न बघताच चाके चढवली, आणि तोरणाखाली गावाचे बैल उभे असताना उतारावर ब्रेक लागेना! मी डोळे मिटले. पुष्पाने मिटले नाहीत. बैल चुकवून तिने मोटार शेषरावांच्या कडब्याच्या गंजीत घातली. बैलाच्या शेपटीलाही धक्का लागला नाही. कडबा मी भरून दिला आहे. तरी शेषराव अजून ओरडतात, म्हणून मोटारीचा जुना फुटका सायलेन्सर त्यांना द्यावा.

५. तेव्हापासून भगवान म्हणतो, "बाबा, बाईच्या हाती मोटार देऊन राह्यले, लोक काय म्हनतीन? माह्या घरी तिले भाकर कमी हाये काय?" भाकर कमी नाही, मला माहीत आहे. पण ती भावाची भाकर आहे. माझ्यामागे माझ्या लेकीने कोणाच्या चुलीपुढे मान खाली घालून बसू नये, एवढ्यासाठी माझा जीव अडकला आहे. म्हणून मोटार, गाडीखाना, पाने, जॅक, हवेचा पंप, हे माझ्या स्वतःच्या कमाईचे सारे पुष्पाबाईचे. माल वाहून मिळेल ते भाडे तिचे. मोटार विकायची की चालवायची, हे तिने ठरवावे.

६. कागद भगवानला वाचून दाखवला. तो ओसरीवर तोंड फिरवून बसला आहे. त्याची संमती नसली तरी हा कागद खराच राहील. पण असली तर मला सुखाने मरता येईल, घाई नसली तरी.

ठिकाण पिंपळगाव राजा. आश्विन शुद्ध नवमी, शके १८८६.

सही: उकंडराव रामजी सोनोने

आमच्यासमोर सही केली:
लक्ष्मीकांत भालचंद्र जोशी, शिक्षक
सहदेव मिस्त्री, मलकापूर

(खालील मजकूर भगवानरावाने स्वहस्ते लिहिला.)

मंजूर. माह्या पयल्या वेचणीचा कापूस पुष्पीच्याच गाडीत जाईन. भाडं गावाले लावीन तेच मले लावाव. भाऊ म्हनून सूट नोको.

भगवानराव उकंडराव सोनोने