पंचाक्षरीच्या मापाची मोटार

५ ऑक्टोबर १९३१, सोलापूर

पोचलो एकदाचा! स्टेशनावर उतरलो तर ऊन स्वागताला हजर. महादेवप्पा शेठही टांगा घेऊन आले होते. भुसाराचे बडे व्यापारी, पण बोलणं साधं. दिवाळीनंतर पुण्याला मोटारींची शर्यत आहे. तिच्यात त्यांची गाडी मी पळवायची. जिंकलो तर नोकरी कायम, आणि बायकोला, अनसूयेला, मिरजेहून इकडे आणायचं.

मग गाडी पाहिली. यंत्र आणि सांगाडा विलायती, मुंबईच्या गोदीतून आलेला. पण अंग अस्सल सोलापुरी! टांगे बांधणाऱ्या मल्लप्पाने सागवानी चौकट करून वर पत्रा ठोकलाय. शेपूट निमुळतं, जागा एकाच माणसाची. अशी दुसरी जगात नाही, शेठ म्हणाले. त्यांच्या मुलासाठी, पंचाक्षरीसाठी, बांधायला घेतली होती. मागच्या वर्षी तो विषमज्वराने गेला, तेव्हा गाडी अर्धीच झाली होती. शेठनी ती तरीही पुरी करून घेतली. पळवायला म्हणून आधीही मोटारवाले येऊन गेले. कुणाचे गुडघे अडले, कुणाचे खांदे मावेनात. मी मात्र असा चपखल बसलो की शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू, मला भारीच वाटलं.

८ ऑक्टोबर

अक्कलकोटच्या रस्त्याने वळसंगपर्यंत पळवली. काय गाडी आहे! बैलगाडीवाले शिव्या घालतात, पण त्या ऐकायला आपण तिथे असतो कुठे. बैठक तेवढी भलतीच ताठ आहे. जरा रेलावं म्हटलं तर सोय नाही. उतरल्यावर पायांना मुंग्या आल्या. मुंग्या गेल्या, पण मग पाय बराच वेळ दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे वाटत राहिले. सवय होईल.

शेठच्या पत्नी गौरम्मा कडक भाकरी आणि शेंगाचटणी आग्रहाने वाढतात आणि कानडीत विचारतात, ऊट आयितेनप्पा? जेवलास का, एवढं मला कळतं. बाकी कानडीच्या नावाने आनंद आहे.

१३ ऑक्टोबर

आज पोटरी धुराच्या तापलेल्या नळीला टेकली. मला कळलंच नाही. केस जळल्याचा वास आला म्हणून खाली पाहिलं, तर कातडी सोलवटली होती. गौरम्मांनी लोणी लावलं. लावताना त्या रडत होत्या, मी नुसता बघत होतो.

डॉक्टरांनी टाचणी टोचली. गुडघ्याखाली काही नाही. विश्रांती घ्या म्हणाले. आज मात्र मी घाबरलो. पायच गेले तर मोटारवाल्याकडे राहिलं काय? अनसूयेला कळवलं नाही.

१७ ऑक्टोबर

पायरी उतरताना पडलो. आता मांडीपर्यंत गेलंय.

पण गाडीत बसलो की पाय असतात! ब्रेकची पट्टी दाबली की तिची कड तळव्याला टोचते, बोटं हलतात. टोचलं की बरं वाटतं. उतरलो की पुन्हा लाकूड. म्हणून बसतो. जेवणही गाडीतच आणून देतात. शेठ समोर खुर्ची टाकून माझ्याकडे बघत असतात.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा. मल्लप्पा आपली हत्यारं पुजून गाडीला फूल वाहायला आला. मला बसलेला पाहून त्याच्या हातातलं फूल गळालं.

मग त्याने सांगितलं. शेठच्या समाजात मेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. पंचाक्षरीचं विमान, म्हणजे तशी बसवून न्यायची पालखी, मल्लप्पानेच बांधलं. त्यासाठी दोरीने माप घेतलं, बसवलेल्या पंचाक्षरीचं. मल्लप्पाच्या घरची रीत अशी की ती दोरी मेलेल्याबरोबर खड्ड्यात सोडायची. 'म्या ठिवली की,' तो म्हणाला. 'गाडीचं माप ऱ्हायलं हुतं. जितेपणी ते पोरगं एका जागी कवा बसलंच न्हाय.' गाडीची बैठक त्याने त्याच दोरीवर बेतली. शेठना ठाऊक नव्हतं.

'उठायचं माप न्हाय ते, डायवर. तुमी उतरा.'

शेठ खुर्चीवरून उठले. दोघांनी मला बगलेत हात घालून ओढलं. मीही जोर केला —

निघालो नाही.

२० ऑक्टोबर

आता बसूनही पाय नाहीत. कमरेपर्यंत काही नाही. गाडी सुरू केलेली नाही, तरी पाय पट्ट्या दाबतात. मी दाबत नाही.

मिरजेला तार केली म्हणतात.

मल्लप्पाचा राग यायला हवा. येत नाही. गौरम्मा कपाळाला भस्म लावून गेल्या. थंड असावं.

२१ ऑक्टोबर

बैठक कापून मला सोडवायचं ठरलं. डॉक्टरांनाही दुसरा इलाज दिसला नाही. मल्लप्पा करवत घेऊन आलाय. पत्रा उचकटला — मांडीच्या कडेने चौकट कापायची. आत अंधार. हाताने चाचपडत कापतोय. शेठ मागून माझे खांदे धरून उभे आहेत. हात अजून माझे आहेत म्हणून लिहितो. लिहिलं नाही तर —

मल्लप्पा थांबून विचारतो, लागतंय का? मी नाही म्हणतो. खरंच लागत नाही. मग लाकूडच हाय, म्हणतो, आणि पुन्हा चालवतो.

भुसा वर माझ्या मनगटावर येतोय.

ओला आहे. लाल —

त्याला तिथून दिसत नाही. मला दिसतंय. ओरडायला हवं. पुन्हा विचारतोय, लागतंय का —

नाही म्ह